पॅथॉलॉजीचं कॉलेज निवडताना ग्रॉसिंग रूम बघून या

नीट-पीजीचा, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की ज्युनिअर्सचे फोन सुरू होतात. "ताई, पॅथॉलॉजी घेतेय. मुंबई टाकू की नागपूर? की एखादं डीएनबी?" (डीएनबी म्हणजे हॉस्पिटलांतून होणारा एमडीच्या बरोबरीचा कोर्स.) पुढचा प्रश्न ठरलेला: ड्युट्या किती असतात? कॉलेजचं नाव आणि ड्युट्या, एवढ्यावर तीन वर्षांचा निर्णय होतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जमलं तर पसंतीक्रम भरण्याआधी त्या विभागात एक चक्कर मारा. एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) केबिनमध्ये नाही, ग्रॉसिंग रूममध्ये, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव (स्पेसिमेन) तपासणीसाठी कापतात त्या खोलीत. तिथे कुणी जेआर-थ्री (तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट) फॉर्मलिनच्या वासात उभी असेल, तिला विचारा, मोठे स्पेसिमेन कोण कापतं? आतड्याच्या कॅन्सरचं स्पेसिमेन आलं की चरबीतून लिम्फ नोड शोधावे लागतात, किमान 12. कमी सापडले तर स्टेजिंगवर भरवसा ठेवता येत नाही आणि पुढे किमो द्यायची की नाही, हा प्रश्न ऑन्कोलॉजिस्टसमोर उभा राहतो. चरबी बोटांनी चाचपत, शेजारी सीनिअर असतानाच हे हातात बसतं. दीड-दोन वर्षं गॉलब्लॅडर आणि अपेंडिक्सच वाट्याला येणार असतील, तर तिथे मोठ्या केसेस कितीही येवोत, तुम्हाला त्यांचा उपयोग नाही.

मग साइन-आउट, म्हणजे स्लाइड बघून रिपोर्ट पक्का करणं. माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हेच. रेसिडेंट आधी स्वतः स्लाइड बघून रिपोर्ट लिहिते आणि मग कन्सल्टंट तिला सोबत घेऊन मल्टिहेड मायक्रोस्कोपवर (एकच स्लाइड अनेकांना एकदम बघता येते तो) बसतात, की स्लाइड्सचा ट्रे थेट कन्सल्टंटकडे जातो आणि रेसिडेंट फक्त टायपिंग करते? आमच्या मॅडम आयपीसला डोळा लावण्याआधी विचारायच्या, "तुझं डायग्नोसिस काय?" उत्तर चुकलं तरी चालायचं, पण उत्तर नाही हे चालायचं नाही. आज एकटीनं फ्रोझन (ऑपरेशन चालू असतानाच तुकडा गोठवून केलेली तपासणी) रिपोर्ट करताना, सर्जन ओटीत थांबलेला असताना, ती सवयच मला उभं ठेवते.

सेंट्रल लॅबच्या ड्युट्यांबद्दल जरूर विचारा, पण नीट विचारा. रात्री सीबीसीचे स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) बघणं हे शिक्षण आहे, ल्युकेमिया तिथेच पहिल्यांदा हाती लागतो. नुसते रिपोर्ट सह्या करून वाटणं हे शिक्षण नाही.

ट्रस्टच्या हॉस्पिटलांत आयएचसी (अँटिबॉडी वापरून पेशींतली प्रथिनं ओळखण्याची तपासणी) आणि फ्रोझन रोजचं असतं. केईएमसारख्या पालिकेच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजी विभाग स्वतः ऑटॉप्सी करतो. हा अनुभव आता फार थोड्या ठिकाणी उरलाय, कारण बहुतेक पोस्टमॉर्टेम फॉरेन्सिककडे जातात. रुग्ण नेमका कशानं गेला, हे सगळे अवयव समोर ठेवून शोधणं मला या विषयाचा गाभा वाटतं, म्हणून माझं मत तिकडे झुकतं. सरकारी कॉलेजची बॉन्डची (नंतरच्या सक्तीच्या सेवेची) अट मात्र वाचून घ्या. जिल्हा रुग्णालयातले डीआरपीचे (डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅमचे) तीन महिने सगळीकडेच आहेत, त्यावरून कॉलेज ठरवू नका.

आणि थिसिसला आयएचसी लागलं तर अँटिबॉडीचा खर्च विभाग करतो की रेसिडेंटच्या स्टायपेंडमधून जातो, तेही त्या जेआर-थ्रीलाच विचारा. ती खरं सांगेल.