भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज: पहिल्या सत्रातला माझा अनुभव

पाचवी-सहावीच्या मुलांना पहिल्या सत्रात गणितात काय शिकवायचं, याची यादी कुठेही गेलं तरी साधारण सारखीच असते. मोठ्या संख्या आणि स्थानिक किंमत, आसन्न किंमत, दोन-तीन अंकी गुणाकार, मोठा भागाकार, विभाजक आणि विभाज्य, मग अपूर्णांक, आणि सत्र संपता संपता दशांश. नियोजनाच्या तक्त्यात प्रत्येक घटकाला एक ओळ, शेवटी ‘पूर्ण झाले’चा रकाना. माझा राग आहे तो याच रकान्यावर. ‘भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी’ (म्हणजे ज्यांचे छेद वेगवेगळे आहेत अशा अपूर्णांकांची) या ओळीला तक्त्यात ‘आसन्न किंमत’ या ओळीएवढीच जागा असते. वर्गात मात्र पहिल्या सत्राची सगळी दमछाक या एका ओळीवर होते.

स्थानिक किमतीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. चौकटीची वही, एका चौकटीत एकच अंक, एवढं पाळलं की निम्म्या चुका आपोआप जातात. गुणाकारालाही तेच लागू.

भागाकारात एकच जागा धोक्याची, ती म्हणजे मधलं शून्य. ६३१८ ला ६ ने भागायला सांगा, वर्गातली बरीच मुलं १५३ लिहितात. ६ ला ६ चा भाग गेला, वर १ मांडला. मग ३ खाली घेतला, त्याला भाग जात नाही म्हणून लगेच पुढचा १ खाली घेतला, ३१ झाले, आणि मधे शून्य द्यायचं राहून गेलं. खरं उत्तर १०५३. यावर मी दोन गोष्टी करून घेते. भागाकार सुरू करण्याआधी उत्तर किती अंकी येणार ते ठरवायचं: सहा हजारांना सहाचा भाग जातो, म्हणजे उत्तर हजाराच्या घरात, चार अंकी. तेवढ्या चार छोट्या रेघा वर मारून ठेवायच्या. आणि नियम असा की खाली घेतलेल्या प्रत्येक अंकामागे वर एक अंक बसलाच पाहिजे. भाजक दोन अंकी असेल, समजा १७, तर बाजूला १७, ३४, ८५, १७० एवढंच लिहून घ्यायचं (एकपट, दुप्पट, पाचपट, दहापट). १५६४ ला १७ ने भागताना १५६ मध्ये किती वेळा, हे शोधायला १७० मधून एक १७ वजा केले की १५३ मिळतात, म्हणजे ९ वेळा. उरले ३, खाली ४ घेतले, ३४, म्हणजे २. उत्तर ९२. सतराचा पाढा पाठ असण्याची गरजच पडत नाही.

आता खरी अडचण.

अर्धा आणि पाव मिळून किती, असं तोंडी विचारलं की वर्ग एका सुरात ‘पाऊण’ म्हणतो. तेच फळ्यावर १/२ + १/४ असं लिहिलं की वहीत २/६ येतं. बेपर्वाईने ही चूक होत नाही. मुलाला १/२ मध्ये एक संख्या दिसतच नाही, रेघेच्या वर एक आणि खाली एक अशा दोन सुट्या संख्या दिसतात, आणि आजवरच्या सगळ्या बेरजा त्याने संख्येखाली संख्या मांडूनच केल्या आहेत. म्हणून ‘छेद मिळवायचे नसतात’ असं दहा वेळा बजावून काही होत नाही. २/६ म्हणजे १/३. अर्ध्यात आणखी पाव घातला आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं, हे त्याच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. तिथपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि तो वेळ तक्त्यात नसतो.

मी वर्तुळाची चित्रं जवळजवळ वापरतच नाही. वर्तुळाचे दोन, चार, आठ भाग मुलं बरे करतात. तीन आणि पाच भाग हाताने समान होत नाहीत, आणि भाग असमान झाले की अपूर्णांकाचा मूळ अर्थच मोडतो. कागदी पट्ट्या घ्याव्यात. लांबी २४ सेंमी, रुंदी २ सेंमी. २४ अशासाठी की त्याला २, ३, ४, ६, ८ आणि १२ या सगळ्यांनी भाग जातो, आणि ए-फोर कागदाची लांबी २९.७ सेंमी असल्याने पट्टी एका कागदात बसते. मग १/२ म्हणजे १२ सेंमी, १/३ म्हणजे ८, १/४ म्हणजे ६, १/६ म्हणजे ४, १/८ म्हणजे ३ आणि १/१२ म्हणजे २ सेंमी. प्रत्येक मुलाकडे अखंड पट्टी एक, आणि या प्रत्येक मापाचे पूर्ण पट्टी भरेल इतके तुकडे.

पाचवा भाग यात बसत नाही. त्यासाठी २० सेंमीची वेगळी पट्टी लागते: १/४ म्हणजे ५, १/५ म्हणजे ४, १/१० म्हणजे २ सेंमी. हे दोन संच एकमेकांत मिसळू देऊ नका. २० ची अर्धी पट्टी १० सेंमी आणि २४ ची अर्धी १२ सेंमी. दोन्ही ‘अर्धेच’, पण बेरजेत एकत्र आले की सगळा घोळ. प्रत्येक तुकड्याच्या मागे मूळ पट्टीची लांबी लिहून ठेवायची, म्हणजे बेरीज करताना दोन्ही अपूर्णांक एकाच अखंडाचे आहेत ना, हेही मुलं आपसूक तपासतात.

पहिल्यांदा तुकडे मोजून कापण्यापेक्षा घड्या घालून करावेत. अर्ध्याची, पावाची, आठव्या भागाची घडी सोपी. तीन भागांची चुकते, कारण मुलं एक घडी आधी पक्की दाबतात आणि मग उरलेल्याचे दोन भाग करायला जातात. पट्टी नागमोडी दुमडून सैल धरायची, तिन्ही भागांच्या कडा जुळेपर्यंत सरकवायची, आणि मगच नखाने दाबायची. त्या तिसऱ्या भागाची पुन्हा अर्धी घडी घातली की सहावा, आणखी एकदा घातली की बारावा. आठ हा सहापेक्षा मोठा म्हणून १/८ हा १/६ पेक्षा मोठा, हा समज इथेच गळून पडतो, कारण घड्या वाढल्या की भाग बारीक होतो हे बोटांना कळलेलं असतं.

आता १/२ + १/३. बारा सेंमीचा आणि आठ सेंमीचा तुकडा एकापुढे एक ठेवायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: दोन्ही तुकडे नेमके भरतील असे एकाच मापाचे छोटे तुकडे कोणते? मुलं आधी पाव लावून बघतात. अर्ध्यात दोन पाव बरोबर बसतात, पण तिसऱ्या भागात एक पाव बसून २ सेंमी उरतात. मग सहावे भाग: अर्ध्यात तीन, तिसऱ्या भागात दोन, एकूण पाच. ५/६. कुणी बारावे भाग लावतं आणि सहा नि चार मिळून १०/१२ म्हणतं. तेही बरोबर आहे, आणि तसं सांगायलाच हवं. दोन्ही उत्तरांची लांबी २० सेंमीच भरते, म्हणून ५/६ आणि १०/१२ सममूल्य. लसावि शब्द मी यानंतरच फळ्यावर आणते. लघुतम साधारण विभाज्य घेतलं की मोठ्यात मोठा चालणारा तुकडा मिळतो, आणि तुकडा जितका मोठा तितके आकडे लहान.

उदाहरणांचा क्रमही ठरवून द्यावा लागतो. आधी १/३ + १/६ सारखी, जिथे एक छेद दुसऱ्याच्या पटीत आहे. मग १/६ + ३/८ सारखी, जिथे दोन्ही छेदांना एक सामाईक विभाजक आहे. आणि २/३ + १/४ सारखी अगदी शेवटी. बऱ्याच ठिकाणी हा शेवटचा प्रकार लवकर येतो, कारण तो फळ्यावर सोपा दिसतो. तो आधी शिकवला की मुलांच्या डोक्यात ‘छेदांचा गुणाकार करायचा’ हे एवढं पक्कं बसतं की ६ आणि ८ ला ती डोळे झाकून ४८ घेतात.

१/६ + ३/८ मी असं सोडवून घेते. मोठ्या छेदाचा पाढा म्हणत जायचं आणि प्रत्येक पायरीवर थांबून लहान छेदाचा भाग जातो का बघायचं: ८, नाही, १६, नाही, २४, जातो. दोन वेगळ्या याद्या लिहून त्यात सारखं काय ते शोधण्यापेक्षा हे लवकर होतं. मग १/६ ला ४/४ ने गुणायचं, ३/८ ला ३/३ ने. हे ४/४ आणि ३/३ पूर्ण लिहायचे. निव्वळ ‘गुणिले ३’ लिहिलं की अर्धा वर्ग छेद बदलतो, अंश तसाच ठेवतो आणि ३/२४ करून मोकळा होतो. ३/३ म्हणजे १, एकने गुणलं की किंमत बदलत नाही, हे लिहिण्यातूनच दिसलं पाहिजे. ४/२४ + ९/२४ = १३/२४. लगेच अंदाजाचा ताळा: ३/८ अर्ध्याहून थोडा कमी, १/६ लहानसा, म्हणजे उत्तर अर्ध्याच्या आसपास हवं. १२/२४ म्हणजे अर्धा, आणि १३/२४ त्याहून जरासाच जास्त. जुळलं.

आता तिरक्या गुणाकाराविषयी. छेदांचा गुणाकार खाली, तिरके गुणाकार करून त्यांची बेरीज वर, ही युक्ती मुलं घरून किंवा शिकवणीतून घेऊन येतात. उत्तर बरोबर येतं, रकान्यात ‘पूर्ण झाले’ची खूण बसते, आणि म्हणूनच ती मला खुपते. १/६ + ३/८ चं २६/४८ येतं, त्याला संक्षिप्त रूप द्यावं लागतं. ७/१२ + ५/१८ ला छेद २१६, वर १२६ + ६०, म्हणजे १८६/२१६. लसावि ३६ घेतला असता तर २१/३६ + १०/३६ = ३१/३६, काम संपलं. आणि १/२ + १/३ + १/४ समोर आलं की तिरकं कुणाला कुणाने गुणायचं, हेच कळत नाही. १२ छेद घेणारं मूल मात्र ६ + ४ + ३ करून १३/१२ लिहून मोकळं होतं. युक्तीने उत्तर काढणाऱ्या मुलाला मी एवढंच विचारते: हा ४८ कुठून आला, आणि तुझ्या पट्टीवर तो कुठे दिसतो? सांगता आलं तर खुशाल वापरू दे. नाही आलं तर पुन्हा पट्ट्यांवर.

वजाबाकीत नवा खड्डा आहे, आणि तो फार कमी जण आधी दाखवून देतात. ४ पूर्णांक १/४ मधून १ पूर्णांक २/३ वजा करायचे आहेत. छेद १२ केला: ४ पूर्णांक ३/१२ वजा १ पूर्णांक ८/१२. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून ४ मधला एक मोडायचा. मुलांना दशक मोडायची इतकी सवय असते की ती १० आणतात आणि ३ पूर्णांक १३/१२ लिहितात. इथे मोडलेला एक म्हणजे १२/१२. म्हणून ३ पूर्णांक १५/१२, आणि उत्तर २ पूर्णांक ७/१२. मोडण्याआधी बाजूला ‘१ = १२/१२’ असं लिहायला लावलं की ही चूक जवळपास थांबते. दुसरा मार्ग अंशाधिक अपूर्णांकांचा: १७/४ − ५/३ = ५१/१२ − २०/१२ = ३१/१२. उत्तर तेच. पूर्णांक लहान असतील तर हा बरा, पण २७ पूर्णांक १/४ सारखं काही आलं की आकडे विनाकारण फुगतात.

अपूर्णांकांचा गुणाकार याला लागून लगेच शिकवू नये. तिथे अंशाला अंश आणि छेदाला छेद असंच करायचं असतं, आणि ती सवय उलटी बेरजेत शिरते. मधे भूमितीचा एखादा घटक घ्यावा. गुणाकार झाल्यावर पुढच्या उजळणीत बेरीज आणि गुणाकार मुद्दाम मिसळून द्यावेत.

पाढ्यांचं आधीच सांगायला हवं होतं: ६, ७, ८ आणि ९ चे पाढे कच्चे असतील तर समच्छेद करताना, म्हणजे छेद सारखे करताना, मुलाचं सगळं लक्ष पाढ्यातच अडकतं आणि आपण काय करतोय याचा धागा सुटतो. अशा मुलाला पाढ्याचा तक्ता समोर ठेवू द्यावा. पाढे पाठ होण्याचं काम वेगळं, अपूर्णांक समजण्याचं वेगळं.

गृहपाठाला वीस बेरजा देण्यात अर्थ नाही. मी चार गोष्टी देते: एक बेरीज, एक तुलना, एक आकृती, आणि एक आधीच चुकीचं सोडवलेलं उदाहरण, ज्यात कोणत्या ओळीत काय बिघडलं ते शोधून लिहायचं. तुलनेला ३/७ आणि ५/९ छान: सातच्या निम्मे साडेतीन, म्हणून पहिला अर्ध्याहून कमी, नऊच्या निम्मे साडेचार, म्हणून दुसरा जास्त. समच्छेद करण्याची गरजच नाही.

दशांशाला इतकी मेहनत पडत नाही. ०.३५ हा ०.४ पेक्षा मोठा वाटतो, कारण त्यात अंक जास्त आहेत. ०.४ च्या पुढे शून्य देऊन ०.४० केलं की ३५/१०० आणि ४०/१०० समोरासमोर येतात. हेही समच्छेद करणंच आहे, आणि ज्यांचे अपूर्णांक पक्के झाले आहेत ती मुलं हे न सांगता ओळखतात.

सत्र परीक्षेत एक प्रश्न जरूर ठेवा: ४/७ + ५/८ चं उत्तर १ पेक्षा मोठं की लहान, आकडेमोड न करता कारणासह सांगा. दोन्ही अपूर्णांक अर्ध्याहून मोठे, म्हणून बेरीज एकाहून मोठी. युक्ती पाठ केलेलं मूल इथे ५६ छेद घेऊन गुणाकार करायला बसतं. बाकीची उत्तरं बरोबर असली तरी त्या मुलाला दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला एकदा पट्ट्यांवरून परत न्यावं.