पोलिसांची युनियन, पेट्रियट अ‍ॅक्ट आणि २००४ ची निवडणूक

पोलिसांची युनियन असते, ती पगारवाढीसाठी फलक घेऊन उभी राहते आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला उघड पाठिंबाही देते, ही गोष्ट महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला पचायला वेळ लागतो. आपल्याकडे ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबई पोलिसांचा उद्रेक झाला, संघटनेची मान्यता गेली आणि विषय संपला. इथे अमेरिकेतली ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ पोलीस’ ही पोलिसांची संघटना मात्र १९१५ पासून आहे. पिट्सबर्गच्या गस्तीवरच्या दोन पोलिसांनी ती उभी केली. २००४ मध्ये तिचे तीन लाखांहून अधिक सभासद होते, आणि तिने रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुश यांना पाठिंबा दिला.

न्यू जर्सीत राहणाऱ्या आम्हा मंडळींना ते वर्ष विसरता येणार नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचं बोस्टनचं अधिवेशन आटोपून चार दिवस होत नाहीत तोच, १ ऑगस्टला बुश सरकारमधले अंतर्गत सुरक्षामंत्री टॉम रिज यांनी न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि आमच्या न्यूअर्कमधल्या वित्तसंस्थांसाठी केशरी इशारा, म्हणजे दहशतवादी हल्ल्याचा मोठा धोका असल्याचा इशारा, जाहीर केला. प्रुडेन्शियलची इमारत, सिटीग्रुप, शेअर बाजार अशी थेट नावं घेतली गेली. या भागांत नोकरीला जाणारे कितीतरी मराठी लोक ओळखीचे. पुढच्या एक-दोन दिवसांतच कळलं की टेहळणीची ती माहिती बरीचशी ११ सप्टेंबरच्या हल्ल्याआधीची होती. धोका खोटा होता असं मी म्हणत नाही. पण इशारा उतरला तो १० नोव्हेंबरला, मतदान उरकल्यावर, आणि मनात शंका राहिली ती राहिलीच. मतदानाच्या तोंडावर इशारा पुन्हा वाढवण्याचा आग्रह झाला होता, असं पुढे २००९ मध्ये खुद्द रिज यांनीच लिहिलं.

त्या वर्षी सगळा वाद पेट्रियट अ‍ॅक्टभोवती, म्हणजे ११ सप्टेंबरनंतर तपासयंत्रणांना पाळतीचे जादा अधिकार देणाऱ्या कायद्याभोवती, फिरत होता. ऑक्टोबर २००१ मध्ये सिनेटने हा कायदा ९८ विरुद्ध १ मतांनी मंजूर केला; विरोधात एकटे रस फाइनगोल्ड. बुश यांचे २००४ मधले डेमोक्रॅटिक प्रतिस्पर्धी, सिनेटर केरी यांचं मतही बाजूनेच पडलं होतं. त्यातल्या १६ कलमांची मुदत २००५ च्या अखेरीस संपणार होती, म्हणून बुश यांनी जानेवारीतल्या भाषणापासूनच नूतनीकरणाचा धोशा लावला. एप्रिलमध्ये बफेलो शहरात, पोलीस आणि सरकारी वकिलांना सोबत घेऊन, फोन टॅप करायला न्यायालयाचा आदेश लागतोच, असं त्यांनी सांगितलं. आदेशाविना टॅपिंग चालू असल्याचं डिसेंबर २००५ मध्ये उघड झालं.

मला खटकतं ते इथे. या कायद्यातले मोठे अधिकार, उदाहरणार्थ ग्रंथालयापासून बँकेपर्यंत कुणाच्याही नोंदी मागवू देणारं कलम २१५, एफबीआय या केंद्रीय तपासयंत्रणेच्या हाती होते. चौकात उभ्या असलेल्या पोलिसाला त्यातलं फारसं काही मिळत नव्हतं. तरी ‘पोलिसांना हा कायदा हवाय’ म्हणून गणवेश व्यासपीठावर मांडला जात होता. त्याच सुमारास, क्लिंटन यांच्या काळात रस्त्यावर एक लाख जादा पोलीस आणण्यासाठी सुरू झालेल्या योजनेच्या पैशाला बुश यांच्या अंदाजपत्रकांत कात्री लागत होती. शहरांवर बंदोबस्ताचा बोजा वाढत होता आणि माणसं भरायचा पैसा आटत होता.

युनियनचं खरं बोलणं मंचाबाहेर ऐकू येत होतं. बोस्टनचे पोलीस दीर्घकाळ वेतनकराराविना होते. अधिवेशनाच्या सभागृहाबाहेर त्यांनी धरणं धरलं. त्यांची धरण्याची रांग ओलांडायची नाही म्हणून केरी यांनी जूनमध्ये बोस्टनमधल्याच महापौर परिषदेतलं आपलं भाषणच रद्द केलं. रिपब्लिकन पक्षाच्या न्यूयॉर्कच्या अधिवेशनाआधी तिथल्या पोलिसांनी आणि अग्निशमन दलाने महापौर ब्लूमबर्ग यांचा असाच पिच्छा पुरवला. शिवाय जुलैमध्ये बुश यांनी सही केलेल्या एका कायद्याने कामावर नसलेल्या आणि निवृत्त पोलिसांना देशभर शस्त्र बाळगायची मुभा मिळाली. फ्रॅटर्नल ऑर्डरची ही अनेक वर्षांची मागणी होती. पाठिंब्याचा हिशेब त्याशिवाय कळत नाही.

यात मला वावगं काही दिसत नाही. सभासदांचं हित बघणं हेच युनियनचं काम. फक्त पगार, मनुष्यबळ आणि शस्त्रं यांबद्दल तिचं म्हणणं अनुभवाचं असतं. नागरिकांच्या नोंदी कुणी, कुणाला विचारून चाळाव्यात हे ठरवताना तिच्या मताला न्यायाधीशाच्या मताचं वजन देता कामा नये. मार्च २००६ मध्ये १४ कलमं कायमची झाली. उरलेल्या दोनांपैकी एक २१५. त्याच कलमाच्या आधाराने कोट्यवधी सामान्य माणसांच्या फोनच्या नोंदी गोळा होत असल्याचं २०१३ मध्ये बाहेर आलं.

आपल्याकडे २००४ मध्येच पोटा हा दहशतवादविरोधी कायदा रद्द झाला. तो असावा की नसावा यावर पक्ष भांडले, वकील भांडले. हवालदाराच्या वतीने बोलायला कुणी नव्हतं. चार वर्षांनी २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे लाठीनिशी कसाबला सामोरे गेले. पोटा असता तरी त्यांच्या हातात लाठीच असती. आपली माणसं कुठल्या शस्त्रांनिशी नाक्यावर उभी केली जातात, हा प्रश्न त्या रात्रीच्या आधी सरकारला जाहीरपणे विचारू शकेल अशी संघटना मुंबईच्या पोलिसांना हवी होती, आणि आजही हवी आहे.