बाबांचं रम-पाणी आणि ओल्ड फॅशन्ड : फादर्स डेपर्यंतची नोंद

मंडळी, बाबांसाठी रमचं ओल्ड फॅशन्ड हे कॉकटेल जमवायचं चाललंय, आणि गेल्या वेळी मी त्यातल्या नितळ बर्फापाशी अडलो होतो. आता बर्फ जमलाय, काकवीचं प्रमाणही बसलंय, आणि जूनच्या तिसऱ्या रविवारी ग्लास बाबांच्या हातात गेला. तीन आठवड्यांचं एकदमच लिहितोय.

ओल्ड फॅशन्ड म्हटलं की ‘मॅड मेन’ या अमेरिकन मालिकेतला डॉन ड्रेपर आठवतोच. तिसऱ्या सीझनमध्ये तो क्लबातल्या ओस पडलेल्या बारमागे शिरून स्वतः दोन ग्लास बनवतो. हात कसे चालतात हे बघायला तो प्रसंग मी कितीदा तरी लावलाय. पण वडील म्हणून डॉन मला कधी पटला नाही. माझा माणूस म्हणजे ‘फ्रेझर’ या विनोदी मालिकेतला मार्टिन क्रेन. गोळी लागून कंबर अधू झालेला, सिएटलचा निवृत्त पोलीस. जॉन महोनी यांनी १९९३ ते २००४ अशी अकरा वर्षं तो उभा केला. दोन्ही मुलं मानसोपचारतज्ज्ञ, शेरी पिणारी. मार्टिनला मात्र बॅलंटाइन बिअरच हवी. त्याची चिकटपट्ट्या लावलेली जुनी खुर्ची मुलगा बदलून टाकतो, तेव्हा तो सांगतो की नातू झाल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच खुर्चीत बसलो होतो. तिथे माझे डोळे दर वेळी भरून येतात.

आमच्या बाबांचीही अशीच वेताची आरामखुर्ची आहे. शनिवारी रात्री एकच पेग. ओल्ड मंक, माठातलं पाणी, स्टीलचा पेला, मूठभर खारे दाणे. दारूचा आजीवन परवाना प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला. दोन वर्षं मी त्यांच्यापुढे वेगवेगळी कॉकटेल्स ठेवली, कधी नेग्रोनी, कधी डायकिरी. ते एक घोट घ्यायचे, “छान झालंय रे” म्हणायचे आणि ग्लास हळूच बाजूला सरकवायचे.

मग १८०६ सालची ती व्याख्या पुन्हा वाचली. न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या वर्तमानपत्रात छापलेली : कॉकटेल म्हणजे कुठलीही दारू, साखर, पाणी आणि बिटर्स (थेंबांनी घालायचा मसाल्यांचा कडू अर्क). ओल्ड फॅशन्ड, म्हणजे ‘जुन्या पद्धतीचं’, हे नाव पुढे याच साध्या मिश्रणाला पडलं. वाचता वाचता लक्षात आलं की बाबांच्या पेल्यात दारू आहे, पाणी आहे. कमी आहेत त्या दोनच गोष्टी. इतकी वर्षं मी त्यांना त्यांच्या पेयापासून लांब नेत होतो.

साखरेऐवजी कोल्हापूरची काकवी घेतली, कारण रमही उसाचीच. पहिल्या प्रयत्नात काकवी थेट ओतली. गार रममध्ये ती विरघळलीच नाही, तळाशी बसली आणि शेवटचा घोट निव्वळ पाक लागला. आता दोन भाग काकवीत एक भाग कोमट पाणी घालून आधीच सैल करून ठेवतो. साठ मिली रमला दहा मिली पुरे होते. साडेसात घातली तर बिटर्स वर येतात, पंधरा घातली तर रम हरवते. अँगोस्टुरा या कंपनीच्या बिटर्सचे दोन डॅश, म्हणजे बाटलीचे दोन झटके. लवंग-दालचिनीकडे झुकणारा त्यांचा वास काकवीशी सुरेख जुळतो.

बर्फाचं असं : झाकण काढलेला छोटा आइस बॉक्स पाण्यानं भरून फ्रीझरमध्ये ठेवायचा. बाजू जाड असल्यामुळे पाणी फक्त वरून गोठत जातं आणि हवा खाली ढकलली जाते. माझ्या फ्रीझरला वीस तास लागतात. तळ गोठायच्या आत बाहेर काढायचा, पाच मिनिटं ओट्यावर राहू द्यायचा, नाहीतर तडकतो. मग पावाची करवती सुरी लावून तिच्या पाठीवर लाटण्यानं ठोकायचं. लादी सरळ रेषेत फुटते, आणि तुकडा काचेसारखा नितळ. पहिला असा तुकडा हातात आला तेव्हा बायकोला हाक मारून दाखवला.

वासासाठी वरून पिळायची साल ऑरेंजची. जूनमध्ये नागपुरी संत्रं नसतं, आणि त्याची सैल साल पिळताना फाटतेही. बाहेरून येणाऱ्या ऑरेंजवर मेण असतं, म्हणून कोमट पाण्यात चोळून घेतली.

रविवारी संध्याकाळी मिक्सिंग ग्लासमध्ये तीस सेकंद ढवळलं, जाड बुडाच्या ग्लासात मोठ्या बर्फावर गाळलं, वरून साल पिळली. बाबांनी आधी वास घेतला. पहिला घोट तोंडात घोळवला, मग दुसरा घेतला. ग्लास बाजूला सरकला नाही.

“ही आपलीच ना?” त्यांनी विचारलं.

“तुमचीच, बाबा. काकवी घातलीय.”

ते उठून स्वयंपाकघरात गेले, स्टीलचा पेला घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला. “अरे, ह्यात दे.”

बर्फाचा तुकडा पेल्यात मावेना. कडा सुरीनं तासून बसवला. स्टील बाहेरून घामेजलं, पेला हाताला गारेगार झाला. पुढच्या शनिवारसाठी लादी चार सेंटिमीटरची कापणार आहे, आणि पेला अर्धा तास आधी फ्रीझरमध्ये.