31 मे नंतरची शाळा

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या मुलांच्या शाळेचा वार्षिक अहवाल उघडा. शिष्यवृत्तीधारक, चित्रकलेच्या परीक्षा, कबड्डीत विभागापर्यंत मजल, नाट्यस्पर्धेत उत्तेजनार्थ, अशी पानंच्या पानं. आणि पार शेवटी चार ओळी: अमुक सर सेवानिवृत्त झाले, तमुक सर रुजू झाले, शाळा त्यांची ऋणी आहे. मी तर म्हणेन, अहवाल मागून वाचावा. यंदाचं यश कुणाच्या हातून आलं आणि पुढच्या वर्षी गाडं कुठे अडणार, हे त्या चार ओळींतच दडलेलं असतं.

आधी तारखेचं गणित. अनुदानित शाळेतला शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो, शिपाई 60 व्या. वय ज्या महिन्यात पूर्ण होईल त्या महिन्याच्या अखेरीस. मात्र जन्म 1 तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. आता त्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख नाव घालताना गुरुजींनी 1 जून ठोकून दिलेली. त्यामुळे 31 मे ला शाळाशाळांतून निरोपांची रांग लागते. शाळा उघडते जूनच्या मध्याला. मधले दोन आठवडे सुट्टीचे, जाणारा गावी, येणारा अजून नेमलेलाच नाही. म्हणून चार्ज, म्हणजे जाणाऱ्याकडच्या कामाचा आणि सामानाचा ताबा, शाळेतल्याच कुणीतरी एप्रिलमध्येच घ्यावा, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून होत असताना, दोन्ही माणसं स्टाफरूममध्ये समोरासमोर असतात तेव्हा.

मुख्याध्यापक निवृत्त झाले की अख्खी साखळी सरकते: उपमुख्याध्यापक वर, पर्यवेक्षक त्यांच्या जागी, ज्येष्ठ शिक्षक पर्यवेक्षक. ज्येष्ठता यादी दरवर्षी फिरवून सह्या घेतल्या असतील तर हे सुरळीत होतं. नसतील तर हरकती नेमक्या मे महिन्यात निघतात आणि प्रस्ताव शिक्षणाधिकारी कार्यालयात पडून राहतो. मान्यता येईपर्यंत सहीचे अधिकार कुणाकडे, हे लेखी मिळवलं नाही तर पगारबिल अडतं. एका सहीपायी सगळ्या स्टाफचा पगार लांबतो, आणि मग नव्या मुख्याध्यापकांचं स्वागत कसं होत असेल ते सांगायला नको.

त्याहून हास्यास्पद भानगड ओटीपीची. शालार्थ (पगाराची सरकारी वेबसाइट), युडायस (शाळेच्या माहितीची), परीक्षा मंडळ, शिष्यवृत्ती, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं आणि बहुतेक ठिकाणी मोबाइल नंबर जुन्या मुख्याध्यापकांचा. ते कोकणात आंब्याच्या झाडाखाली, इथे लिपिक फोन लावून बसलेला. शाळेच्या नावाचं एक सिमकार्ड घ्यावं, ते कार्यालयातल्या साध्या फोनमध्ये ठेवावं, आणि सगळे लॉगिन त्यावर वळवावेत. बँकेतल्या नमुना सह्याही त्याच आठवड्यात बदलाव्यात.

प्रयोगशाळेचा चार्ज म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, टिकाऊ सामानाची नोंदवही. त्यात लिहिलेलं असतं ‘सूक्ष्मदर्शक 6’, आणि कपाटात निघतात चार, त्यातल्या एकाला भिंगच नाही. नवीन सरांनी न मोजता सही केली की गेलेले दोन त्यांच्या नावावर. पद्धत सोपी आहे: रजिस्टरमधली एकेक ओळ वाचायची, वस्तू टेबलावर ठेवायची, शेऱ्यात ‘चालू’, ‘नादुरुस्त’ किंवा ‘आढळली नाही’ लिहायचं, मग दोघांनी सह्या. मोडकं सामान फेकून द्यायचं नाही. निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकण्याचा, ठराव होईपर्यंत ते वेगळ्या खोक्यात ठेवायचं.

आता यशाकडे. शिष्यवृत्ती परीक्षा 2025-26 पर्यंत आठवीला, फेब्रुवारीत व्हायची (आता ती सातवीला असते) आणि अंतिम निकाल नवं वर्ष सुरू झाल्यावर लागायचा. तोवर शिकवणारे सर कधीकधी घरी बसलेले असायचे. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण, वेळ दीड तास. आठवीला काही प्रश्नांची दोन उत्तरं बरोबर असायची आणि दोन्ही वर्तुळं रंगवली तरच गुण. हुशार मुलं इथेच घसरायची: पहिलं बरोबर उत्तर दिसलं की पुढचे पर्याय वाचायचीच नाहीत. ही खोड मोडायला जूनपासून सराव लागतो. तो घेणारे सर गेले आणि ऑगस्टपर्यंत तो विषय कुणाला दिलाच नाही, तर फटका त्या वर्षीच्या यादीत दिसतो. दोष मात्र ‘यंदाची बॅच’ घेते.

चित्रकलेचंही तसंच. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षेत अ श्रेणी असेल तर दहावीत 7 गुण, ब ला 5, क ला 3. खेळाचे सवलतीचे गुण 25 पर्यंत जातात. पण हे गुण आपोआप पडत नाहीत, शाळेला मुदतीत प्रस्ताव पाठवावा लागतो. प्रमाणपत्रावरचं नाव आणि बोर्डाच्या अर्जातलं नाव जुळत नसेल तर प्रस्ताव परत येतो. कलाशिक्षक किंवा क्रीडाशिक्षक वर्षाच्या मध्यात गेले की ही फाइल हमखास कपाटात राहते. मूळ प्रमाणपत्रांची यादी त्यांच्याकडून जाण्याआधीच घ्यावी.

येणाऱ्यांविषयी थोडंच. पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्याच्या शिक्षक भरतीच्या वेबसाइटवरून, आलेला माध्यमिक शिक्षणसेवक तीन वर्षं 18,000 रुपये मानधनावर असतो, आणि शालार्थ आयडी मिळेपर्यंत तेही हातात पडत नाही. पुण्यात या पैशात खोलीभाडं आणि डबा भागवायचा, तर माणूस शाळा सुटल्यावर क्लास शोधणारच. त्याच्यावर लगेच एनसीसी, सहल आणि स्नेहसंमेलन टाकू नये. दुसऱ्या शाळेत पद उरलं नाही म्हणून समायोजनाने इथे आलेले अतिरिक्त शिक्षक बहुधा अनुभवी असतात, पण त्यांना दुखावलेपण असतं. त्यांना त्यांचाच विषय द्या, उरलेले ऑफ तास नव्हे.

पेठांतल्या मुलांच्या मराठी शाळांचा खरा प्रश्न पटाचा. घरं कोथरूड, सिंहगड रोडकडे गेली, पट उतरला, आणि पद भरायचं की नाही हे संचमान्यतेवर, म्हणजे पटानुसार शाळेला मंजूर होणाऱ्या पदांवर, ठरतं. तिथे आधार जुळलेली मुलंच धरली जातात. आडनाव आधी की नाव आधी एवढ्या फरकानेही नोंद अडकते, आणि काठावरच्या तुकडीत दोन-तीन मुलं कमी धरली तरी एक पद जाऊ शकतं. वर्गशिक्षकांनी ही यादी जुलैतच हातात घ्यावी, पट मोजला जातो त्या 30 सप्टेंबरच्या आदल्या आठवड्यात नव्हे.

तर अहवालातल्या त्या ओळी अशा लिहाव्यात: ‘अमुक सर निवृत्त. गणित, सातवी शिष्यवृत्ती, मैदानाच्या चाव्या. सराव प्रश्नपत्रिकांची फाइल ग्रंथालयात, कपाट 3. जूनपासून तमुक सर पाहतील.’ ऋण वगैरे निरोपाच्या भाषणात येतंच.