पानावर मारलेलं झिंक पोटात पोचतं का?

हल्ली घरी भाजी लावणाऱ्या लोकांच्यात नवीन खूळ आलंय. पालकावर झिंक मारा, लेट्यूसवर आयोडीन मारा, लसणावर सेलेनियम मारा, झालं, मग गोळ्या घ्यायलाच नकोत! मला हा विषय मनापासून आवडतो, म्हणूनच असं सरसकट काहीतरी वाचलं की चिडचिड होते. कारण यातलं जे खरं आहे ते भारीच आहे, पण फवारलेलं मिनरल पानातून पुढे सरकतं की तिथंच बसून राहतं, आणि आपण त्या झाडाचा कुठला भाग खाणार, हे दोन प्रश्न कोणी विचारतच नाही.

झिंकचा अभ्यास सगळ्यात जास्त झालाय. तुर्कस्तानात मध्य अ‍ॅनाटोलियातल्या चुनखडीच्या जमिनीत झिंक असूनही मुळांना मिळत नव्हतं, पीएच जास्त असला, म्हणजे माती अल्कधर्मी असली, की ते मातीतच अडकून बसतं, आणि 1990 च्या दशकात इस्माईल चाकमाक या तुर्की शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं गव्हावर बरंच काम केलं. पुढे हार्वेस्टझिंक नावाच्या प्रोजेक्टमध्ये बऱ्याच देशांत शेतावर चाचण्या झाल्या. त्यातून कळलेलं मला सगळ्यात आवडतं ते असं, की जमिनीतून झिंक दिलं तर कमतरता असलेल्या शेतात उत्पन्न छान वाढतं पण दाण्यातलं झिंक त्या मानाने फार वाढत नाही, आणि तेच पीक फुलोऱ्यानंतर दाणा दुधाळ असताना पानावर 0.5 टक्के झिंक सल्फेट फवारलं तर ते पानातून फ्लोएममधून, म्हणजे झाडातल्या अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांमधून, थेट दाण्यात जातं. म्हणजे जमिनीतून दिलं तर पिकाच्या कामाचं, उशिरा पानावर मारलं तर खाणाऱ्याच्या कामाचं. साध्या गव्हात किलोमागे 20 ते 30 मिलिग्रॅम झिंक असतं, आणि माणसाच्या तब्येतीत फरक पडायचा तर 40 च्या पुढे हवं असं धरतात. शिवाय एरवी दाण्यातलं बहुतेक झिंक कोंड्याच्या बाजूला आणि अंकुरात असतं, मैदा केला की गेलं, पण उशिराच्या फवारणीने आतल्या पांढऱ्या भागातही थोडं वाढतं. हे मला तरी कमाल वाटतं.

आता 0.5 टक्के म्हणजे लिटरला 5 ग्रॅम. इथं लोक हमखास गडबडतात, कारण झिंक सल्फेट दोन प्रकारचं मिळतं, हेप्टाहायड्रेटमध्ये झिंक साधारण 21 टक्के आणि मोनोहायड्रेटमध्ये 33, त्यामुळे पाकीट न वाचता मोनोहायड्रेटचं तेच 5 ग्रॅम टाकलं तर दीडपट झिंक जातं आणि कोवळी पानं करपतात. पालकासारख्या नाजूक पानांना मी अर्ध्या प्रमाणाच्या वर जायला सांगणार नाही, आणि आधी एकाच झाडावर मारून बघा. फॉस्फेटवाल्या खतात तर मिसळूच नका, खाली साका बसतो, पानाला काहीच मिळत नाही आणि नोझल चोंदतो तो वेगळा.

वेळ संध्याकाळची. पानावर मेणासारखा थर असतो, त्यातून मिनरल आत जातं ते थेंब ओला असेपर्यंतच, वाळला की नुसतं मीठ उरतं. रात्री हवेत दमटपणा असला तर ते मीठ परत थोडं ओलं होतं आणि काम पुढे चालू राहतं. दुपारी उन्हात मारणाऱ्यांना काय म्हणावं! थोडं स्टिकर (फवारणीत मिसळायचं चिकटद्रव्य) घातलं की थेंब गोल न राहता पसरतो, आणि पानाची खालची बाजू विसरू नका, बहुतेक झाडांची पर्णरंध्रं तिथंच जास्त असतात.

लोह मात्र हट्टी. साधं फेरस सल्फेट हवेत पटकन ऑक्सिडाइज होतं आणि पानावर गंजासारखे डाग पडतात, चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं लोह, घेतलं तर पान हिरवं होतं हे खरं, पण दाण्यात फारसं जात नाही. त्यापेक्षा पिकाला नायट्रोजन व्यवस्थित मिळत असेल तर दाण्यातलं लोह आणि झिंक दोन्ही वाढायला मदत होते, ज्याकडे कोणी बघतच नाही कारण त्यात नवीन काही नाही ना.

आयोडीन झाडात मुख्यतः पाण्याबरोबर वर चढतं, पानातून दाण्याकडे त्या मानाने कमी जातं. म्हणून पालेभाजीत चालतं, धान्यात तेवढं सोपं नाही.

आणि सेलेनियम. याबद्दल मी जरा कडक आहे. सेलेनेट, म्हणजे सेलेनियमचं एक विरघळणारं रूप, सल्फेटच्याच वाटेने झाडात शिरतं, म्हणून कांदा, लसूण, ब्रोकोली ही सल्फरवाली मंडळी ते मजेत साठवतात. पण मोठ्या माणसाला दिवसाला लागतं 55 मायक्रोग्रॅम आणि वरची सुरक्षित मर्यादा धरतात 400, म्हणजे मधलं अंतर फारच थोडं. चीनमध्ये एकाच देशात दोन्ही टोकं दिसलीत, केशान भागात कमतरतेमुळे हृदयाच्या स्नायूंचा आजार, आणि एन्शीमध्ये जास्त झाल्यामुळे लोकांचे केस आणि नखं गळून गेली. फिनलंडने 1984 मध्ये खतात सेलेनियम घालायचं ठरवलं, पण ते सरकारने, धान्य, दूध, मांस, माणसांचं रक्त असं सगळं सतत तपासत, आणि 1990 मध्ये प्रमाण कमीही केलं. शेतात फवारतात तेव्हा हेक्टरला 10 ग्रॅमच्या आसपास सेलेनियम पुरतं. अख्ख्या हेक्टरला! मग एका कुंडीला किती येईल, आणि ते घरच्या वजनकाट्यावर मोजणार कसं? तेव्हा घरी हा प्रयोग नकोच.

अजून एक गोष्ट, जी फवारणीनंतर इतक्या पट झिंक वाढलं असे आकडे टाकणारे सहसा सांगत नाहीत. पालेभाजीची तपासणी करताना पान नीट धुतलं नसेल तर वर चिकटलेलं मीठही त्याच आकड्यात येतं. मला तो आकडा धुतल्यानंतरचा हवा, कारण खाणारा धुऊनच खाणार आहे. धान्याच्या बाबतीत हा घोळ कमी, दाणा आत झाकलेला असतो, पण तिथं फायटेट हे दाण्यातलंच एक द्रव्य आडवं येतं, ते झिंकला धरून ठेवतं आणि पोटात सोडत नाही. धान्य भिजवून मोड आणले किंवा पीठ आंबवलं की फायटेट बरंच कमी होतं, आणि त्याला पंप लागत नाही की स्टिकर.