तळातल्या सुरकुत्या गेल्या! दोष साच्याच्या खोलीत होता

फायबरग्लासची कनू (लहान होडी) करतोय. मागच्या वेळी तिसरा जेलकोट, म्हणजे साच्यात सगळ्यात आधी लावायचा बाहेरचा रंगीत थर, बिघडला तिथे थांबलो होतो. काल चौथा सुटला आणि कनूच्या तळाला एकही सुरकुती नाही!

आमचा फीमेल मोल्ड (आतून थर लावायचा पोकळ साचा) साडेतीन मीटरचा आणि चांगला खोल. तिन्ही वेळा बाजू आरशासारख्या निघाल्या, पण कीलजवळचा, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याजवळचा, वीतभर पट्टा मगरीच्या पाठीसारखा. हे होतं कसं ते आपल्याला ठाऊक आहे. जेलकोट कच्चा असताना त्यावर रेझिनने मॅट (काचतंतूंची चटई) मारली की रेझिन पातळ ठेवणारं स्टायरीन त्यात शिरतं, थर फुगतो आणि साच्यावरून उचलला जातो. पण फक्त तळातच तो कच्चा का राहत होता, हे कळत नव्हतं.

आधी जाडी तपासली. कंगवा गेजवर (ओल्या थराची जाडी मोजायची दातेरी पट्टी) तळात आणि बाजूंना सारखीच, ०.५ मिमी. एमईकेपी (जेलकोट पक्का व्हायला मिसळायचं रसायन) काट्यावर मोजून १.८ टक्के. मग दमट हवेवर संशय घेतला आणि दोन आठवडे हॅलोजन दिवे लावून शेड कोरडी करत बसलो. या चुकीचं मूळ मला आपल्या बोलण्यात दिसतं. आपण सगळे ‘जेलकोट सुकला’ म्हणतो. जेलकोटमधलं पॉलिस्टर सुकत नाही, त्याच्या साखळ्या स्टायरीनने एकमेकींना जोडल्या जातात. सुकणं म्हटलं की मन ओलाव्याकडे धावतं. ‘हार्डनर’ शब्दाचंही तसंच. दुकानदार एमईकेपीला हार्डनर म्हणतो आणि इपॉक्सी या वेगळ्या रेझिनच्या दुसऱ्या डब्यालाही. एमईकेपी फक्त प्रक्रिया सुरू करून देतं, म्हणून एक-दोन टक्के पुरतं. इपॉक्सीचा हार्डनर स्वतःच त्या जाळ्यात बांधला जातो, त्याचं प्रमाण ठरलेलंच हवं. लवकर व्हावं म्हणून तो जास्त ओतला तर भाग मऊच राहतो. मी आता एमईकेपीच्या बाटलीवर ‘इनिशिएटर’ लिहून ठेवलंय. (आणि प्रक्रिया वेगवान करणाऱ्या कोबाल्टची बाटली वेगळ्या कपाटात. ही दोन थेट एकत्र आली तर आग लागते.)

उलगडा वासाने झाला. मास्क बदलायला क्षणभर काढला, साच्यावर वाकलो, तर काठापेक्षा तळात वास कितीतरी उग्र. स्टायरीनची वाफ हवेच्या साडेतीन पट जड! ती खोलगट भागात डबक्यासारखी साचून राहते आणि तिच्याखालचा जेलकोट पक्का होऊ देत नाही. बाजूंची वाफ घसरून खाली जाते, म्हणून बाजू नेहमी छान.

या वेळी पंखा दाराबाहेर ठेवला, म्हणजे मोटर वाफेपासून लांब, आणि कापडी नळीने ताजी हवा साच्याच्या एका टोकाला तळाशी सोडली. अगदी मंद, कारण जोराचा वारा पृष्ठभागातलं स्टायरीनच उडवून नेतो. दोन तासांनी बोट लावलं. चिकट, पण रंग बोटाला येत नाही, आणि तळातही तसंच! मग चौरस मीटरला ३०० ग्रॅमची एकच मॅट मारून रात्रभर सोडली, ४५०चे थर दुसऱ्या दिवशी. सोडवताना कडेने पाणी ओतलं, भाग सुटावा म्हणून साच्याला आधी लावलेलं पीव्हीए विरघळलं, लाकडी पाचर जेमतेम ठोकली आणि कनू सुटली. कीलवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेघेत पडलंय. रात्री तीनदा जाऊन पाहून आलो.

मॅट मात्र फाटक्या प्लास्टिकमधली सुटी घेऊ नका. एकदा ओल धरलेली मिळाली, रेझिन पितच नव्हती, पांढरे धागे तसेच राहिले. आता तिघांत मिळून सीलबंद रोल घेतो.

पुढे डेकचा (कनूच्या वरच्या झाकणाचा) साचा घेणार होतो, पण हे लिहितानाच वाटलं, साचा कुशीवर वळवता आला तर वाफ काठावरून आपोआप सांडेल. एका वेळी एक बाजू रंगवायची, पंख्याची गरजच नाही. तेव्हा डेक थांबला, आधी फिरती चौकट. रविवारी वेल्डरकडे पाइप टाकतोय. कुणी अशी चौकट केली असेल तर सांगा, आस काठाच्या पातळीला ठेवला की साच्याच्या गुरुत्वमध्यावर?