बाळाच्या झटक्यांचं औषध मेंदूत काय करतं

जळगाव-धुळ्याकडे बाळ झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा दचकून आकसलं, की पोटात मुरडा आला म्हणून घुटी पाजतात. हे इन्फंटाइल स्पॅझम, म्हणजे तान्ह्या बाळाला येणारे अपस्माराचे झटके, असू शकतात. व्हिडिओ काढा, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

या झटक्यांवरचं औषध व्हिगाबॅट्रिन मेंदूतल्या गाबाचं, म्हणजे पेशींना शांत ठेवणाऱ्या रसायनाचं, विघटन करणारं एन्झाइम कायमचं निकामी करतं. गाबा साठतो, पेशींचा भडका शमतो. रक्तातलं औषध ओसरलं तरी नवं एन्झाइम तयार होईपर्यंत परिणाम टिकतो.

500 मिलिग्रॅमची पुडी 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवली, की दर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम. चमचा नकोच, बिनसुईच्या सिरिंजनेच मोजा. उरलेलं ओतून द्या. डोळ्यांच्या पडद्याला इजा होऊ शकते, तपासणी चुकवू नका. औषध एकदम तोडलं तर झटके उसळतात. पाड्यावर राहणाऱ्यांनी पुड्या आठवडाभर आधीच आणाव्यात.